पांढऱ्यावर चप्पल

एक कोरी ड्रॉइंग शीट घ्या. भिंतीला लावा, मोबाईलच्या कॅमेऱ्यात फक्त तीच दिसेल इतके जवळ जा आणि फोटो काढा. आता तो फोटो खऱ्या शीटशेजारी धरून बघा. बहुतेक वेळा फोटोतली शीट पांढरी नसतेच. करडी असते, मळकट असते, पावसाळ्यात होस्टेलच्या गच्चीवर तीन दिवस वाळत पडलेल्या बनियनसारखी! कॅमेरा महाग असो की स्वस्त, प्रकार तोच.

हा लेख त्या करड्या शीटबद्दल आहे. म्हणजे विकायच्या वस्तूचा पांढऱ्या पार्श्वभूमीवर फोटो कसा काढायचा, याबद्दल. इंजिनिअरिंगच्या पोरांना याचं काय, असं कुणी विचारेल. तर आमच्या मजल्यावर याची गरज पडली. माझा रूम पार्टनर कोल्हापूरकडचा. घरी चपला बनवतात. त्याच्या वडिलांनी (आम्ही सगळे त्यांना काकाच म्हणतो) गेल्या वर्षी ऑनलाइन विक्री सुरू केली आणि जोड परत यायला लागले. तक्रार कामाबद्दल नव्हती. "फोटोत रंग वेगळा होता", "फोटोत पट्टा रुंद दिसत होता", अशी कारणं. जोड परत आला की जाण्यायेण्याचा खर्च काकांच्या अंगावर, शिवाय खोक्यात दडपून आलेली चप्पल पुन्हा नवी म्हणून विकायची त्यांची तयारी नाही. एका जोडामागे कातडं कापणं, तळ शिवणं, वेणी विणणं असं घरातल्या तिघांचं काम असतं. घरात बोलणं सुरू झालं होतं की हे सगळं बंद करावं आणि पूर्वीसारखा व्यापाऱ्याला माल द्यावा, तो म्हणेल त्या भावात. पार्टनरची फी त्याच चपलांतून भरली जाते. शेवटी त्याने घरी सांगितलं, "फोटोचं आमच्यावर सोडा, तुम्ही फक्त एकेक जोड पाठवून द्या." दिवाळीनंतर पार्सलं आली आणि आमची खोली स्टुडिओ झाली.

आधी त्या करड्या शीटचं कोडं सोडवू. कॅमेऱ्यातलं प्रकाशमापक समोर काय आहे हे जाणत नाही. त्याला फक्त किती प्रकाश आत येतोय ते समजतं, आणि ढोबळमानाने तो असं गृहीत धरतो की समोरचं दृश्य सरासरीने मध्यम करडं आहे. छायाचित्रणात या मध्यम करड्याला १८ टक्के परावर्तन मानतात. पांढरा कागद साधारण ९० टक्के प्रकाश परत फेकतो, म्हणजे पाचपट. कॅमेऱ्याला वाटतं उजेड फार झाला, आणि तो बिचारा प्रामाणिकपणे कमी करतो. फोटोवाल्यांच्या भाषेत प्रकाश दुप्पट झाला की एक स्टॉप. पाचपट म्हणजे लॉग काढून बघा, सुमारे २.३ स्टॉप. हल्लीचे फोन यापेक्षा हुशार झालेत, पण पांढरं जास्त असलं की त्यांचाही कल अंधाराकडेच जातो. म्हणून चपलेवर बोट दाबून धरून फोकस कुलूपबंद करायचा आणि मग शेजारी सूर्याची खूण येते ती वर सरकवायची.

किती वर सरकवायची? इथे आकडे उपयोगी पडतात. कॉम्प्युटरवरच्या चित्रात प्रत्येक बिंदू ० ते २५५ मध्ये मोजतात, पण हे माप सरळ रेषेत नसतं. एसआरजीबी या नेहमीच्या पद्धतीत १८ टक्के परावर्तन ११८ वर येतं आणि ९० टक्के सुमारे २४३ वर. म्हणजे प्रकाश अगदी बरोबर धरला तरी पांढरा कागद २५५ होत नाही, २४३ च्या आसपास राहतो. आणि विक्रीच्या ठिकाणी मागतात २५५! ॲमेझॉनच्या नियमात मुख्य फोटोची पार्श्वभूमी निव्वळ पांढरी, म्हणजे लाल, हिरवा, निळा तिन्ही २५५, हवी आणि वस्तूने फ्रेमचा ८५ टक्के भाग व्यापायला हवा. कारण सरळ आहे. पान पांढरं असतं. त्यावर २४३ चा चौकोन ठेवला की फोटोभोवती फिकट डबा दिसतो.

तर २४३ ते २५५ हे अंतर नंतर गिंपसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये लेव्हल्स नावाच्या सोयीने भरून काढायचं. पांढऱ्याची खूण २४० वर आणली की सगळे आकडे सुमारे १.०६ पटीने वाढतात. चपलेचा १०० होता तो १०६ होतो, कुणाच्या लक्षातही येत नाही. पण मूळ फोटोत चपलेवर उजेड पुरेसा आणि मागचा कागद मात्र १८० वर असेल तर? १.४२ ने गुणावं लागेल. १०० चा १४२ होतो. कागद पांढरा होतो आणि त्याबरोबर चप्पलही धुऊन निघते. काकांच्या जुन्या फोटोंचं नेमकं हेच झालं होतं. गावातल्या एका फोटोवाल्याने पार्श्वभूमी शुभ्र करून दिली होती आणि त्या भरात गडद तपकिरी चप्पल बिस्किटी रंगाची झाली होती. गिऱ्हाईक बिस्किटी बघून मागवायचं आणि घरी यायची तपकिरी.

मग मागचा कागद अंधारात जातोच का? याचं उत्तर बारावीच्या पुस्तकात आहे, व्यस्त वर्गाचा नियम. टेबल लॅम्प चपलेपासून ५० सेंमी आणि कागद त्याच्या मागे आणखी ५० सेंमी. कागद लॅम्पपासून दुप्पट लांब, म्हणून त्यावर उजेड एक चतुर्थांश. पूर्ण दोन स्टॉपचा फरक! आता तोच लॅम्प २ मीटरवर न्या आणि कागद चपलेच्या मागे तितकाच ठेवा. २०० भागिले २५०, त्याचा वर्ग ०.६४. फरक पाऊण स्टॉपपेक्षाही कमी. म्हणजे दिवा लांब हवा. पण दिवा लांब नेला की तो चपलेच्या नजरेतून लहान होतो, आणि लहान दिव्याची सावली कडक, काळी पडते. म्हणजे दिवा लांबही हवा आणि मोठाही हवा. इतका मोठा दिवा आमच्याकडे कुठून येणार? होता की. खिडकी!

आमच्या खोलीची खिडकी उत्तरेला आहे. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जातो, त्यामुळे थेट ऊन आत येत नाही (थंडीत यावरून वॉर्डनसरांना आम्ही कितीदा तरी बोललोय, ते शब्द मागे घेतो). खिडकीच्या गजांना आतून ट्रेसिंग पेपर चिकटवला. सिव्हिलच्या पोरांकडे उरलेला होता. गजांच्या सावल्या गेल्या आणि सगळी खिडकी एक मऊ दिवा झाली. टेबल खिडकीला काटकोनात लावलं, म्हणजे उजेड डावीकडून. उजवीकडे थर्माकोलचा तुकडा उभा केला, तो उजेड परत फेकतो आणि चपलेची अंधारी बाजू उघडते. कागदाला टेबल आणि भिंत यांच्यामध्ये घडी पडू द्यायची नाही. खालून वर मोठ्या गोलाईत न्यायचा, ड्रॉइंग बोर्ड तिरका उभा करून त्याला क्लिपा लावायच्या. घडी नसली की क्षितिजरेषा नसते. वरून तिरप्या फोटोला एक ड्रॉइंग शीट पुरते, अगदी बाजूने घ्यायचा तर स्टेशनरीच्या दुकानातली मोठी कार्डशीट लागते. दोन शीट जोडू नका, जोड दिसतोच. मोबाईलला स्टँड नव्हता म्हणून एम-३ ची पुस्तकं एकावर एक रचली. चार वर्षांत त्या पुस्तकाचा एवढा भक्कम उपयोग पहिल्यांदाच झाला. फोटो तीन सेकंदांच्या टायमरवर, म्हणजे बोटाचा धक्का नाही.

खोलीतली ट्यूब बंद. हे सगळ्यांना पटत नाही, "अजून उजेड कशाला नको?" म्हणतात. पण खिडकीचा उजेड निळसर आणि ट्यूबचा त्याहून वेगळा. कॅमेरा एका वेळी एकाच उजेडाचा हिशेब धरू शकतो. दोन्ही असले की चपलेची एक कड निळी पडते, दुसरी पिवळी, आणि ते नंतर कुठल्याच बटणाने एकदम दुरुस्त होत नाही. रात्री काम करायचं तर आणखी एक भानगड. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बऱ्याच ट्यूब आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. शटर फार वेगवान असेल तर फोटोत आडवे पट्टे दिसतात. १/१०० किंवा १/५० ठेवलं की पूर्ण आवर्तन सामावतं आणि पट्टे जातात. आणि दिव्याच्या खोक्यावर रंगदर्शनाचा निर्देशांक छापलेला असतो, तो ९० च्या वरचा बघून घ्या. त्याहून कमी असला की मरतात ते बहुधा लाल-तपकिरी रंग, आणि कोल्हापुरीत दुसरं आहे काय?

रंगावर जरा थांबतो, कारण घोडं तिथेच पेंड खात होतं. कोल्हापुरीचं कातडं पारंपरिक पद्धतीत बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात. त्याला जो रंग येतो तो रंगाच्या डब्यातला नसतो. प्रत्येक कातड्याचा थोडा वेगळा, आणि उन्हात राहिला की आणखी गडद होत जाणारा. असा रंग फोटोत पकडायचा तर कॅमेऱ्याला आधी सांगावं लागतं की समोरच्या गोष्टींत रंगहीन काय आहे. बरेच जण यासाठी झेरॉक्सचा कोरा कागद दाखवतात. इथे एक गंमत आहे. झेरॉक्सच्या कागदात तो जास्त शुभ्र दिसावा म्हणून चमक आणणारी रसायनं घातलेली असतात. ती दिवसाच्या उजेडातले अतिनील किरण शोषतात आणि निळा प्रकाश बाहेर टाकतात, थोडक्यात निळीचंच काम. या निळसर कागदाला कॅमेऱ्याने रंगहीन मानलं की तो निळा वजा करतो आणि सगळी चप्पल पिवळी पडते. केमिस्ट्री लॅबमधला यूव्ही दिवा एका सरांच्या परवानगीने दोन मिनिटं मिळाला, त्यात झेरॉक्सचा कागद निळाजांभळा चमकला आणि आमची ड्रॉइंग शीट त्यामानाने शांत राहिली. फोटोच्या दुकानातलं करडं कार्ड मिळालं तर उत्तम. नाहीतर असा न चमकणारा कागद शोधा.

शेवटची तपासणी मात्र डोळ्यांनीच. फोटो लॅपटॉपवर, खरी चप्पल खिडकीत, दोन्ही एकदम बघायचे. तीन वेगवेगळ्या मोबाईलवर बघायचे, कारण गिऱ्हाईक काही आमच्या लॅपटॉपवर बघणार नाही. काही फोन रंग मुद्दाम भडक दाखवतात. त्यावर इलाज नाही, पण निदान मूळ चित्र तरी बरोबर असावं.

आता "पट्टा रुंद दिसत होता" ही तक्रार. मोबाईलचा मुख्य कॅमेरा रुंद कोनाचा असतो. वस्तू फ्रेमभर दिसावी म्हणून आपण त्याला जवळ नेतो. चप्पल २८ सेंमी लांब धरा. समोरून, अंगठ्यापासून ३० सेंमीवरून फोटो घेतला तर टाच ५८ सेंमीवर. ५८ भागिले ३०, म्हणजे अंगठ्याकडचा भाग टाचेच्या मानाने जवळपास दुप्पट मोठा दिसणार. दीड मीटरवरून घेतला तर १७८ भागिले १५०, फक्त १.१९ पट. म्हणून मागे सरका आणि दुप्पट झूम लावा किंवा नंतर कापून घ्या. पुढून बघितल्यावर पट्टा जवळ, तो फुगतो, टाच बारीक होते आणि चप्पल बदकाच्या पायासारखी दिसते. यात चुकीचं छापलेलं काहीच नसतं, तरी गिऱ्हाईक फसतं.

पहिल्या दिवशीचे फोटो पार्टनरने घरी पाठवले. संध्याकाळी काकांचा व्हिडिओ कॉल. बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "रंग बरूबर हाय. पर चप्पल काय ढगात ठिवली व्हय रं?" त्यांचं म्हणणं अगदी खरं होतं. पार्टनरने लेव्हल्स जरा जास्तच ओढल्या होत्या, त्यात तळाखालची सावलीही पुसली गेली होती. सावली गेली की वस्तूला जमीन राहत नाही. तळ कागदाला टेकतो तिथली ती बारीक गडद रेघ आणि तिच्याभोवतीची फिकट छाया ठेवायचीच. दूरचा कागद २५५, तळाखालचा नाही.

कडांचं एक सांगायला हवं. चहूबाजूंनी पांढरं असलं की उजेड वळून चपलेच्या कडांवर येतो आणि फिकट कातड्याची कड पार्श्वभूमीत विरघळते. उपाय उलटाच आहे, फ्रेमच्या बाहेर दोन्ही बाजूंना काळ्या कार्डशीटच्या पट्ट्या उभ्या करा. त्यांचं प्रतिबिंब कडेवर बारीक काळी रेघ होऊन येतं आणि आकार सुटा दिसतो. मेसच्या मावशींनी ऐकून त्यांचा घरगुती कोकम सरबताचा बाटल्यांचा फोटो मागितला, तेव्हा हाच उपाय फार कामी आला. काचेची बाटली पांढऱ्यावर नाहीतर दिसतच नाही. बाटलीला उजेड समोरून नको, मागच्या पांढऱ्यावर टाका, तो बाटलीतून येऊ द्या, कोकमाचा लाल आपोआप पेटतो. स्टीलच्या डब्यांचं विचाराल तर तो वेगळा लेख होईल. स्टील हा आरसाच, त्यात फोटो काढणारा, पुस्तकांचा ढीग आणि वाळत घातलेले टॉवेल सगळं दिसतं.

एव्हाना कुणीतरी म्हणणारच, एवढा उपद्व्याप कशाला, हल्ली एका बोटात पार्श्वभूमी काढणारी ॲप आहेत. आहेत, आणि आम्हीही वापरून बघितली. सपाट, कडक कडांच्या वस्तूला ठीक आहेत. कोल्हापुरीच्या गोंड्याचे धागे ती खातात आणि वेणीच्या विणीतली भोकं बुजवतात. नवी एआयवाली तर त्याहून पुढची. एकाने आमच्या चपलेच्या पट्ट्यावर शिलाईची एक छान सरळ ओळ काढून दिली. काकांनी ती शिलाई घातलेलीच नाही! असा फोटो लावणं म्हणजे न बनवलेली वस्तू विकणं. मला यात हसण्यासारखं काही वाटत नाही.

यावरून पार्टनरचं आणि माझं वाजलंही. एका जोडाच्या कातड्यावर बोटभर लांबीचा फिकट व्रण होता, जनावराच्या अंगावरचा. पार्टनर म्हणाला, पुसून टाकू, कुणाला दिसतंय. माझं म्हणणं होतं की घरी गेल्यावर ज्याने पैसे दिलेत त्याला दिसणार. शेवटी काकांनाच विचारलं. ते म्हणाले, "धूळ पुसा. कातड्यावर हाय ते र्‍हाऊ द्या." आता आमचा नियम तोच आहे. दाढीच्या ब्रशने धूळ झटकायची, गोंडा कंगव्याने विंचरायचा, सुक्या फडक्याने तळ पुसायचा. कॉम्प्युटरवर फक्त कागदावरचे डाग जातात, चपलेवरचे नाही.

पांढरी पार्श्वभूमी मला स्वतःला फारशी आवडत नाही, हेही सांगून टाकतो. कोल्हापुरी दगडी पायरीवर शोभते. २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातल्या ४ आणि कर्नाटकातल्या ४ जिल्ह्यांसाठी. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने तसल्याच चपला दाखवल्या आणि मग बराच गदारोळ झाल्यावर त्यांचं मूळ भारतीय कारागिरीत असल्याचं मान्य केलं. एवढा इतिहास असलेल्या वस्तूला शून्यात लटकवायचं, हे मनाला पटत नाही. पण दहा जोड शेजारी शेजारी बघून निवडणाऱ्याला पायरी आड येते. पांढऱ्यावर चपलेशिवाय बघण्यासारखं काही नसतं, म्हणून वेणी बारीक आहे की जाड, कान कसे कापलेत, ते दिसतं. पायरीचा फोटो दुसरा लावावा. तिसरा तळाचा, कारण खिळा न मारता चामड्याच्या वादीने शिवलेला तळ ही दाखवायची गोष्ट आहे, आणि तोच नेमका कुणी दाखवत नाही.

नवे फोटो लागल्यापासून रंगाच्या कारणाने एकही जोड परत आलेला नाही. काकांनी निदान पुढच्या दिवाळीपर्यंत ऑनलाइन चालू ठेवायचं ठरवलंय. मापाच्या कारणाने मात्र अजून येतात. कोल्हापुरी नवी असताना घट्ट असते आणि वापरून सैल होते, ते फोटोत येत नाही. त्यासाठी सध्या आम्ही एक कागद बनवतोय. गिऱ्हाईकाने तो छापायचा, त्यावर उभं राहून पायाभोवती पेन्सिल फिरवायची आणि त्याचा फोटो पाठवायचा. कागदावर १० सेंमीची एक रेघ आहे. फोटो जवळून किंवा लांबून आला असेल तरी त्या रेघेवरून खरं माप काढता येतं, फक्त छपाईत कागद लहानमोठा झाला असेल तर ती रेघ पट्टीने मोजून कळवावी लागते, आणि तिरक्या फोटोला एक रेघ पुरत नाही, चौकोन लागतो. मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षातल्या दोघांनी त्याचा प्रोग्रॅम लिहायला घेतलाय. तपासायला निरनिराळ्या मापांचे पाय हवे आहेत. दुसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या डावीकडची खोली. रविवारी दुपारी या, मोजे काढून.